८०८६ च्या स्ट्रिंग सूचना: पहिल्या प्रॅक्टिकलला बसण्याआधी

८०८५ प्रोसेसरच्या किटवर ब्लॉक ट्रान्सफर (बाइटांची रांग एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे) केलेला विद्यार्थी ८०८६ प्रोसेसरला आला की त्याला वाटते, आता काम सोपे झाले. तिकडे एचएल जोडीत पत्ता भरायचा, एक बाइट ए मध्ये आणायचा, दुसरीकडे ठेवायचा, दोन्ही पत्ते एकने वाढवायचे, मोजणी एकने कमी करायची आणि परत वर उडी मारायची. इकडे तेवढे सगळे एका ओळीत होते. ओळ खरेच एकच आहे. पण प्रॅक्टिकलच्या दिवशी चूक त्या ओळीत नसतेच, ती तिच्या आधीच्या पाच-सहा ओळींत असते. असेंब्लरला ती चूक दिसत नाही, म्हणून एररही येत नाही. प्रोग्राम चालतो आणि भलतेच काहीतरी दाखवतो.

हा लेख डिप्लोमाच्या किंवा बीएस्सीच्या वर्गात असेंब्ली पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी आहे. त्यातही आठवड्यातून एकदाच लॅब मिळणाऱ्या आणि उरलेला सराव गावी, जुन्या लॅपटॉपवर, लाइन असेल तेव्हा करणाऱ्यांसाठी.

वाचण्याआधी एक खुलासा. इथे सूचना वर्गात बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरेच वापरायची. स्ट्रिंग सूचनांचे स्पेलिंग पायरी ३ मध्ये दिले आहे. बाकीच्यांत मूव्ह म्हणजे एम-ओ-व्ही, इंट म्हणजे आय-एन-टी, इन्क म्हणजे आय-एन-सी (एकने वाढवणे), डेक म्हणजे डी-ई-सी (एकने कमी करणे).

१. काय काय जवळ पाहिजे

- कोणताही संगणक. दहा-बारा वर्षे जुना असला तरी चालतो.
- डॉसबॉक्स, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या डॉसचे प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम. ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्राम थेट चालत नाहीत, म्हणून हे लागतेच. फाइल काही एमबीचीच आहे. तालुक्याला गेल्यावर एकदा उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, पुन्हा नेट लागत नाही.
- टीएएसएम किंवा एमएएसएम या दोन असेंब्लरांपैकी कॉलेजात वापरतात ते फोल्डर. परीक्षेला तेच असते, म्हणून सरावही त्यावरच करा.
- नोटपॅड.
- एएससीआयआय तक्ता, कागदावर छापलेला. मोठा ए म्हणजे ४१एच (शेवटचा एच म्हणजे आकडा हेक्समध्ये आहे), छोटा ए म्हणजे ६१एच, अंक शून्य म्हणजे ३०एच, डॉलर म्हणजे २४एच, एंटर म्हणजे ०डीएच. एवढे तरी पाठ असावे.
- चौकटीची वही. मेमरीची एकेक चौकट काढून बघितल्याशिवाय हा विषय डोक्यात बसत नाही.

फाइल सेव्ह करताना दोन खोड्या सांभाळा. नोटपॅड नावाच्या शेवटी गुपचूप डॉट टीएक्सटी जोडतो, म्हणून "सेव्ह अ‍ॅज टाइप" मध्ये "ऑल फाइल्स" निवडा. दुसरी गोष्ट, डॉसला नाव आठ अक्षरांपेक्षा मोठे चालत नाही. मोठे नाव दिले तर डॉसबॉक्समध्ये ते कापून दिसते आणि "फाइल सापडत नाही" असा निरोप येतो. आणि प्रत्येक बदलानंतर कंट्रोल-एस दाबायची सवय लावा. लाइन कधी जाईल याचा नेम नाही आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा नावापुरतीच असते.

२. स्ट्रिंग म्हणजे सलग बाइट, दुसरे काही नाही

नावामुळे वाटते की या सूचनांना अक्षरे, शब्द समजतात. तसे नाही. त्यांच्या लेखी मेमरीत एकाला लागून एक ठेवलेले बाइट (किंवा वर्ड) म्हणजे स्ट्रिंग. त्यात नाव असो, मार्कांची यादी असो की स्क्रीनवरचे चित्र.

म्हणून मोजणी बाइटांची करायची. वर्धा हे नाव इंग्रजीत टाइप केले तर डब्ल्यू, ए, आर, डी, एच, ए अशी सहा अक्षरे म्हणजे सहा बाइट होतात. तेच युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये मराठीत लिहिले तर व, र, हलन्त, ध आणि काना असे पाच घटक, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे पंधरा बाइट. सूचना पंधराच हलवेल, तिला काना कळत नाही. डॉसवर आपण इंग्रजी अक्षरेच वापरतो. पुढे कोडमध्ये 'वर्धा' असे दिसले की ती सहा इंग्रजी अक्षरे समजा.

३. पाच सूचना, त्यांची स्पेलिंगे आणि मशीन कोड

- मूव्हएसबी (एम-ओ-व्ही-एस-बी), कोड ए४: एका जागेचा बाइट दुसऱ्या जागी ठेवते.
- कम्पएसबी (सी-एम-पी-एस-बी), कोड ए६: दोन जागांचे बाइट ताडून बघते, फक्त फ्लॅग (निकालाची खूण ठेवणारे बिट) बदलते.
- स्टोअरएसबी (एस-टी-ओ-एस-बी), कोड एए: एएल (एएक्स रजिस्टरचा खालचा बाइट) मधला बाइट मेमरीत ठेवते.
- लोडएसबी (एल-ओ-डी-एस-बी), कोड एसी: मेमरीतला बाइट एएल मध्ये आणते.
- स्कॅनएसबी (एस-सी-ए-एस-बी), कोड एई: एएल मधला बाइट मेमरीतल्या बाइटशी ताडते.

शेवटी बी ऐवजी डब्ल्यू लिहिले की बाइटऐवजी वर्ड, म्हणजे एका वेळी दोन बाइट. तेव्हा कोड एकने वाढतो: ए४ चा ए५, एए चा एबी.

यांच्यापुढे लावायचे उपसर्ग तीन आहेत. रिप (आर-ई-पी) म्हणजे सीएक्स (फेऱ्या मोजणारे रजिस्टर) शून्य होईपर्यंत करत राहा. रिपई म्हणजे सारखे आहे तोवर करत राहा. रिपएनई म्हणजे वेगळे आहे तोवर करत राहा. रिप आणि रिपई या दोघांचा मशीन कोड एकच, एफ३. रिपएनई चा एफ२. मूव्हएसबीच्या पुढे चुकून रिपई लिहिले तरी प्रोग्राम चालतो, त्याचे कारण हेच.

लोडएसबीपुढे रिप लावू नका. चालते, पण प्रत्येक नवा बाइट आधीच्यावर बसतो आणि शेवटचा तेवढा एएल मध्ये उरतो.

४. सहा जागा आधी भरा

सगळा लेख विसरलात तरी ही पायरी लक्षात ठेवा.

जिनिंगच्या आवारात एका बंडीतले कट्टे दुसऱ्या बंडीत टाकायचे आहेत. हमाल दांडगा आहे, एका सांगण्यात सगळे काम उरकतो, पण विचारत काहीच नाही. कोणत्या बंडीतून, कुठल्या कट्ट्यापासून, कोणत्या बंडीत, कुठल्या जागेपासून, किती कट्टे आणि पुढून मागे की मागून पुढे, हे आधी सांगून ठेवायचे. नाही सांगितले तर तो थांबत नाही. मागच्या वेळी जे सांगितले होते त्याच हिशेबाने कट्टे उचलतो.

या सहा गोष्टी सहा ठिकाणी लिहिलेल्या असतात:

- डीएस: कोणत्या सेगमेंटमधून (मेमरीच्या तुकड्यातून) उचलायचे
- एसआय: त्या सेगमेंटमध्ये नेमके कुठून
- ईएस: कोणत्या सेगमेंटमध्ये ठेवायचे
- डीआय: तिथे नेमके कुठे
- सीएक्स: किती वेळा
- दिशेचा फ्लॅग, म्हणजे डीएफ: पुढे की मागे

सेगमेंट गुणिले १६ अधिक ऑफसेट (त्या तुकड्यात किती पुढे ते) असा खरा पत्ता बनतो. डीएस मध्ये ०७१०एच आणि एसआय मध्ये ०००५एच असेल तर पत्ता ०७१०५एच.

सहाही प्रत्येक सूचनेला लागत नाहीत. मूव्हएसबी आणि कम्पएसबीला दोन्ही बाजू लागतात. स्टोअरएसबी आणि स्कॅनएसबीला फक्त ईएस आणि डीआय, कारण दुसरी बाजू एएल असते. लोडएसबीला फक्त डीएस आणि एसआय. सीएक्स लागतो तो उपसर्ग असेल तरच. स्कॅनएसबीसाठी एसआय भरून बसणे ही नवख्यांची नेहमीची चूक. शोध नेहमी डीआयच्या बाजूला होतो.

आता ईएसबद्दल जरा सविस्तर, कारण निम्मे प्रोग्राम इथेच अडतात. ईएक्सई फाइल सुरू होते तेव्हा डीएस आणि ईएस दोन्ही तुमच्या डेटाकडे नसतात. डॉसने प्रोग्रामच्या आधी ठेवलेल्या पीएसपी नावाच्या २५६ बाइटांच्या ब्लॉककडे ते दाखवत असतात. डीएस भरायची ओळ सगळे लिहितात, ती पहिल्या तासापासून पाठ झालेली असते. ईएसची ओळ राहून जाते, कारण साध्या बेरजेच्या प्रोग्रामला ती कधी लागलीच नव्हती. मग मूव्हएसबी इमानदारीने बाइट उचलते आणि पीएसपीच्या बाजूला नेऊन टाकते. तुमची नवी जागा कोरीच राहते. असेंब्लर गप्प, लिंकर गप्प.

काही जण म्हणतात, "आमचा प्रोग्राम ईएस न भरताही चालला." तो कॉम फाइलचा असेल. कॉम फाइलमध्ये सीएस, डीएस, ईएस, एसएस सगळे एकाच सेगमेंटवर उभे असतात, म्हणून तिथे ही चूक झाकली जाते. घरी कॉम बनवून सराव केला आणि लॅबमध्ये ईएक्सई बनवायला सांगितले की तोच प्रोग्राम मान टाकतो. सवय एकच ठेवा: डीएस भरला की खालच्याच ओळीत ईएस.

सेगमेंट रजिस्टरमध्ये थेट आकडा भरता येत नाही. आधी एएक्स मध्ये घ्या, मग तिथून द्या. एसआयच्या बाजूचा सेगमेंट उपसर्ग लावून बदलता येतो, डीआयचा ईएस मात्र बदलता येत नाही. हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो.

दिशेचा फ्लॅग सीएलडी (सी-एल-डी) ने शून्य होतो, म्हणजे पत्ते वाढत जातात. एसटीडी (एस-टी-डी) ने एक होतो, म्हणजे पत्ते कमी होत जातात. बाइटच्या सूचनेत एकने, वर्डच्या सूचनेत दोनने. "सुरुवातीला तो शून्यच असतो, काहून लिहायचे?" असे म्हणू नका. एका बाइटची सूचना आहे, लिहून टाका.

५. पहिला प्रोग्राम: नाव दुसऱ्या जागी नेणे

```
.मॉडेल स्मॉल
.स्टॅक १००एच
.डेटा
  जुना  डीबी  'वर्धा$'
  नवा   डीबी  ७ डप('$')
.कोड
सुरू: मूव्ह  एएक्स, @डेटा
      मूव्ह  डीएस, एएक्स
      मूव्ह  ईएस, एएक्स
      सीएलडी
      एलईए   एसआय, जुना
      एलईए   डीआय, नवा
      मूव्ह  सीएक्स, ७
      रिप    मूव्हएसबी
      मूव्ह  एएच, ०९एच
      एलईए   डीएक्स, नवा
      इंट    २१एच
      मूव्ह  एएक्स, ४सी००एच
      इंट    २१एच
एंड सुरू
```

सीएक्स मध्ये सात का? सहा अक्षरे आणि शेवटचा डॉलर. इंट २१एच चे ०९ क्रमांकाचे काम डॉलर दिसेपर्यंत छापत जाते. डॉलर नेला नाही आणि नव्या जागेतही नसला तर स्क्रीनवर मेमरीतला सगळा कचरा ओततो, मधूनमधून टुण टुण आवाजही येतो. म्हणूनच नव्या जागेत प्रश्नचिन्हाऐवजी आधीच सात डॉलर भरले आहेत. मग ईएस विसरलात तर कचऱ्याऐवजी कोरी ओळ दिसते आणि चूक कुठे ते लगेच ओळखू येते.

एलईए ऐवजी "मूव्ह एसआय, ऑफसेट जुना" लिहिले तरी चालते. ऑफसेट शब्द गाळला तर १६ बिटच्या एसआयमध्ये बाइट घालायला सांगितल्यासारखे होते आणि असेंब्लर ऑपरंडचे प्रकार जुळत नाहीत म्हणून ओरडतो. ही चूक निदान दिसते तरी.

डॉसबॉक्समध्ये क्रम असा: माउंट कमांडने फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडा, सी: लिहून एंटर, मग टीएएसएम आणि फाइलचे नाव, मग टीलिंक आणि नाव, मग नुसते नाव. एमएएसएमवाल्यांनी टीएएसएमच्या जागी एमएएसएम आणि टीलिंकच्या जागी लिंक.

चालला की लगेच पुढच्या प्रोग्रामकडे पळू नका. एमएएसएमच्या फोल्डरमध्ये बहुधा डीबग असते. त्यात ईएक्सई उघडा आणि टी दाबत एकेक पाऊल चाला. प्रत्येक पावलाला रजिस्टरे दिसतात. रिप मूव्हएसबीवर आलात की टी एका वेळी एकच बाइट हलवते: सीएक्स ७ चा ६, एसआय आणि डीआय एकेकाने पुढे. पी दाबले तर सगळी रांग एका दमात उरकते. उजवीकडे फ्लॅग दोन-दोन अक्षरांत असतात. त्यात यूपी म्हणजे डीएफ शून्य, डीएन म्हणजे एक. झेडआर म्हणजे झेडएफ (झिरो फ्लॅग, ताडलेले बाइट सारखे निघाले की एक होतो) एक, एनझेड म्हणजे शून्य. डेटा बघायला डी, मग डीएस:, मग ऑफसेट. एकदा मुद्दाम ईएसची ओळ काढून हे करून बघा. डीएस आणि ईएस मधले आकडे वेगळे दिसतील आणि ही चूक पुन्हा होणार नाही.

वेळेचे म्हणाल तर मूळ ८०८६ वर रिप मूव्हएसबीला सुरुवातीचे ९ क्लॉक आणि पुढे दर बाइटला १७ क्लॉक लागतात. तेच काम दोन मूव्ह, दोन इन्क आणि लूप लिहून केले तर दर बाइटला सुमारे ४८.

६. ताडणे आणि शोधणे: थांबल्यावर फ्लॅगला विचारा

वरोरा (डब्ल्यू, ए, आर, ओ, आर, ए) आणि वरुड (डब्ल्यू, ए, आर, यू, डी) ही दोन नावे ताडू. लांबी सहा आणि पाच. खरे तर आधी लांबीच ताडायची, ती वेगळी असेल तर पुढे जायची गरजच नाही. पण कोणते नाव आधी येते हे ठरवायचे असेल तर लहान लांबी, म्हणजे पाच, सीएक्समध्ये भरा आणि रिपई कम्पएसबी चालवा.

पहिली तीन अक्षरे सारखी, पुढे गेली. चौथ्याला ओ (४एफएच) आणि यू (५५एच) वेगळे निघाले, थांबली. आता सीएक्समध्ये १ आहे आणि एसआय सुरुवातीपेक्षा ४ ने पुढे आहे. म्हणजे वेगळे अक्षर एसआयवर नाही, त्याच्या एक मागे आहे. थांबण्याआधीही पत्ता वाढलेला असतो. "फरक कुठे पडला" हे छापताना एकाची चूक होते ती इथे.

वजाबाकी एसआयच्या बाइटातून डीआयचा बाइट अशी होते. ओ लहान म्हणून कॅरी लागला, जेबी (पहिला लहान असेल तर उडी) उडी घेईल. जेए त्याच्या उलट, पहिला मोठा असेल तर. अक्षरांसाठी जेए आणि जेबी वापरा. जेजी आणि जेएल चिन्हांकित आकड्यांसाठी असतात.

आता सापळा. पुष्कळ जण रिपईनंतर जेसीएक्सझेड (सीएक्स शून्य असेल तर उडी) लिहितात: सीएक्स शून्य झाला म्हणजे सगळे सारखे, असा हिशेब. फरक नेमका शेवटच्या अक्षरात असेल तरीही सीएक्स शून्यच होतो. म्हणून सीएक्सला नाही, झेडएफला विचारायचे: जेई (सारखे असेल तर उडी) किंवा जेएनई (वेगळे असेल तर उडी). शोधातही तेच. शोधलेले अक्षर शेवटच्या जागी सापडले तर सीएक्स शून्य असतो, पण झेडएफ एक असतो.

वर्धामध्ये डी शोधायचा: एएल मध्ये 'डी', डीआय नावावर, सीएक्स ६, रिपएनई स्कॅनएसबी. चार वेळा चालून थांबते, सीएक्समध्ये २ उरतात. सहातून दोन गेले चार, अक्षर चौथे. डीआय मात्र पाचव्यावर उभा असतो, एक डेक करा.

आणि सुरुवातीलाच सीएक्स शून्य असेल तर? उपसर्गवाली सूचना एकदाही चालत नाही, फ्लॅग आधीचेच राहतात. मग जेई जुन्या झेडएफवर उडी मारते. वापरणाऱ्याने काही न लिहिता नुसते एंटर दाबले की हे घडते. जेसीएक्सझेडची खरी जागा इथे, रिपच्या आधी.

७. लांबी मोजणे आणि कीबोर्डवरून घेणे

डॉलरने संपणाऱ्या स्ट्रिंगची लांबी:

```
      एलईए   डीआय, जुना
      मूव्ह  एएल, '$'
      मूव्ह  सीएक्स, ०एफएफएफएफएच
      सीएलडी
      रिपएनई स्कॅनएसबी
      नॉट    सीएक्स
      डेक    सीएक्स
```

वर्धासाठी सातव्या फेरीत डॉलर सापडतो. एफएफएफएफ मधून सात गेले, एफएफएफ८. नॉट केले की ७, डेक केले की ६. डॉलर टाकायला विसरलात तर ही सूचना ६४ केबीभर हिंडून येते आणि वाटेत दुसरा कुठला डॉलर भेटला तर त्यालाच खरा मानते.

अक्षराने सुरू होणाऱ्या हेक्स आकड्याच्या आधी शून्य लावावेच लागते, नाहीतर असेंब्लरला ते एखादे नाव वाटते.

कीबोर्डवरून नाव घ्यायला इंट २१एच चे ०एएच काम. बफर असा लिहा: डीबी २०, ?, २० डप('$'). पहिल्या बाइटमध्ये जास्तीत जास्त किती ते, आणि त्यात एंटरही मोजला जातो, म्हणजे अक्षरे १९ च. दुसऱ्या बाइटमध्ये खरी लांबी डॉस स्वतः भरतो, तिथे एंटर मोजलेला नसतो. मजकूर तिसऱ्या बाइटपासून, म्हणजे बफर+२ पासून. लांबी सीएलमध्ये घेतली की सीएच शून्य करा. ते राहिले तर सीएक्समध्ये पाचऐवजी हजारोंचा आकडा बसतो आणि रिप शेजारच्या सगळ्या डेटावर नांगर फिरवते.

८. मध्ये अक्षर घुसवणे: मागून पुढे

एसटीडी कशाला असते ते इथे कळते. समजा नाव चुकून डब्ल्यू, आर, डी, एच, ए असे पाचच अक्षरांत टाइप झाले आहे, पहिला ए राहिला. शेवटच्या अक्षरानंतर एक जागा रिकामी आहे. आर, डी, एच, ए ही चार अक्षरे एकेक घर पुढे सरकवायची आणि मोकळ्या घरात ए ठेवायचा.

सीएलडी ठेवून पुढून सुरुवात केली तर? आर दुसऱ्या घरात गेला, तिथला डी मेला. आता पुढचा उचलायचा बाइट दुसऱ्या घरातला, पण तिथे आधीच आर बसला आहे. तोच तिसऱ्यात, तोच चौथ्यात, तोच पाचव्यात. हाती येते डब्ल्यू, आर, आर, आर, आर, आर. वहीच्या चौकटीत हे एकदा काढाच. (घरे शून्यापासून मोजली आहेत.)

मागून सुरुवात केली की काही मरत नाही:

```
      एलईए   एसआय, नाव+४
      एलईए   डीआय, नाव+५
      मूव्ह  सीएक्स, ४
      एसटीडी
      रिप    मूव्हएसबी
      मूव्ह  एएल, 'ए'
      स्टोअरएसबी
      सीएलडी
```

चार फेऱ्यांनंतर डीआय नाव+१ वर येतो, म्हणजे नेमका मोकळ्या घरावर. म्हणून स्टोअरएसबीला वेगळा पत्ता भरावा लागला नाही. शेवटचे सीएलडी गाळू नका. पुढच्या कुठल्याशा रिपला उलटे चालायला लावून ते अर्धा तास खाते.

नियम: दोन्ही जागा एकमेकींवर येत असतील आणि ठेवायची जागा पुढे असेल तर मागून, ठेवायची जागा मागे असेल (अक्षर काढून टाकताना) तर पुढून.

९. उलटी स्ट्रिंग आणि पॅलिंड्रोम

इथे रिप चालत नाही, कारण वाचायचे मागून आणि लिहायचे पुढून. रिप एकाच सूचनेला लागते. म्हणून लूप: एसआय जुन्याच्या शेवटच्या अक्षरावर (डॉलरवर नाही), डीआय नव्याच्या पहिल्यावर, आणि मग

```
परत:  एसटीडी
      लोडएसबी
      सीएलडी
      स्टोअरएसबी
      लूप    परत
```

पॅलिंड्रोमसाठी आता दोन्ही स्ट्रिंगा रिपई कम्पएसबीने ताडा. त्याआधी एसआय, डीआय आणि सीएक्स तिन्ही पुन्हा भरा. लूपने सीएक्स शून्य केलेला असतो. न भरता ताडले तर कम्पएसबी चालतच नाही आणि उत्तर जुन्या फ्लॅगवर ठरते. नितीन (एन, आय, टी, आय, एन) बरोबर आला म्हणून खूश होऊ नका, वर्धा टाकूनही बघा.

१०. वर्डच्या सूचना आणि स्क्रीन पुसणे

```
      मूव्ह  एएक्स, ०बी८००एच
      मूव्ह  ईएस, एएक्स
      मूव्ह  डीआय, ०
      मूव्ह  एएक्स, ०७२०एच
      मूव्ह  सीएक्स, २०००
      सीएलडी
      रिप    स्टोअरएसडब्ल्यू
```

८० गुणिले २५ म्हणजे २००० घरे, प्रत्येकाला दोन बाइट: एक अक्षर, एक रंग. २०एच म्हणजे रिकामी जागा, ०७एच म्हणजे काळ्यावर फिकट पांढरे. ०७ च्या जागी १७एच टाका, सगळी स्क्रीन निळी. सीएक्समध्ये ४००० भरणारे बाइट मोजतात. वर्डच्या सूचनेत फेऱ्या वर्डच्या. आणि हे झाल्यावर ईएस पुन्हा डेटावर आणा, तो अजून स्क्रीनवर उभा आहे.

लांबी विषम असताना वर्डने नेण्याची युक्ती: एसएचआर सीएक्स, १, रिप मूव्हएसडब्ल्यू, एडीसी सीएक्स, सीएक्स, रिप मूव्हएसबी. अर्धा करताना सांडलेला बिट कॅरीमध्ये राहतो, मूव्हच्या सूचना फ्लॅगला हात लावत नाहीत, म्हणून तो एडीसीने परत मिळतो.

११. बिघाडावरून चूक ओळखणे

- कोरी ओळ, एरर नाही: ईएस भरला नाही.
- कचरा छापत सुटले: डॉलर नाही, किंवा सीएक्स एकने कमी.
- एकच अक्षर पुन्हा पुन्हा: जागा एकमेकींवर आल्या, दिशा चुकली.
- पहिले अक्षर बरोबर, बाकी जागच्या जागी: रिप लिहायचे राहिले.
- पहिल्यांदा बरोबर, त्याच प्रोग्राममध्ये दुसऱ्यांदा चूक: एसटीडीनंतर सीएलडी नाही, किंवा सीएक्स पुन्हा भरला नाही.
- वेगळी नावेही "सारखी" निघतात: सीएक्स शून्य असताना ताडले, किंवा झेडएफऐवजी सीएक्स तपासला.
- जागा एकने चुकते: थांबल्यावर डेक केले नाही.
- प्रोग्राम लटकला: शेवटचे ४सी००एच राहिले असेल. डॉसबॉक्सची खिडकी बंद करून परत उघडा, माउंट पुन्हा करावे लागेल.